नवव्या रांगेतलं भरलेलं ताट

साल दोन हजार पंचवीस. मी शहात्तर वर्षांचा आहे आणि तू बहात्तरचा होतास. रांग मोडून पुढे गेलास, जगन. लहान भावाने असं करायचं नसतं. रांग मोडू नको हे तुला बारा वर्षांचा होतास तेव्हापासून सांगत आलो, आणि शेवटी तू तेच केलंस.

तुझ्या मनीषाने हा कागद दिला. नीलपंख विमान कंपनीतली तुझ्याबरोबरची जुनी मंडळी तुझ्यावर एक लहानसं पुस्तक काढणार आहेत म्हणे, ज्याने त्याने दोन पानं लिहायची. पोरगी म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही बोला, मी लिहून घेते. नीट करून देते." मी म्हटलं, चार बुकं शिकलोय आणि हात अजून चालतो. मी लिहीन, आणि कोणी नीटबीट करायचं नाही. त्याला आज तिसरा दिवस. दोन ओळी लिहितो, उठतो, गोठ्यात जातो. बैलांनी पाणी पिऊन झालेलं असतं तरी परत बादली भरतो. तुझी बायको सुमन ओट्यावरून बघते.

तू कधी जन्मलास, कधी नोकरीला लागलास, कुठकुठल्या देशात गेलास, ते बाकीचे लिहितील. मला तुझ्याशी एकाच गोष्टीचं बोलायचं आहे. विमानात नवव्या रांगेत तू माझ्यासमोर ताट पाठवलंस आणि ते भरलेलंच परत गेलं. तू तीनदा विचारलंस, दादा का नाही जेवलास? तिन्ही वेळा मी खोटं बोललो.

पण आधी मिठाचं सांगतो, नाहीतर वाचणाऱ्याला कळणार नाही.

आपल्या कळसाडीत, बोलीतल्या कयसाडीत, लग्न असो की तेरावं, पंगत वाढायला मी पुढे. गावात मोठे शेतकरी पुष्कळ झाले, पण वाढपी म्हणून नाव निघतं ते उत्तम पाटलाचं. हे मी माझ्या तोंडाने सांगतो, कारण खरं आहे. तू बारा वर्षांचा असताना काकांच्या सुलोचनाच्या लग्नात मी तुझ्या हातात पहिल्यांदा मिठाची ताटली दिली. नवशिक्याला मीठच देतात. सांडलं तरी नुकसान नाही, आणि प्रत्येक पानापुढे वाकावं लागतं म्हणून कंबर तयार होते. तू रडवेला झालास, तुला बुंदी वाढायची होती. मी म्हटलं, आधी मीठ. आणि पानाकडे बघू नको, माणसाच्या डोळ्याकडे बघ. तोंड नको म्हणतं तेव्हा डोळे काय म्हणतात ते बघ. आणि शेवटच्या पानावर शेवटचा पदार्थ पडेपर्यंत कोणी घास उचलत नाही, म्हणून पाय उचल, लोक थांबलेत.

त्या दिवशी तू मारुतीच्या देवळामागच्या खोलीतून गावाची भांडी काढून देत होतास. ज्याने भांडं दिलं त्याचं नाव त्यावर कोरलेलं. मी हळू वाचायचो, तू भराभर वाचून दाखवायचास. आजोबांच्या पातेल्यावर नाव आलं तेव्हा दोनदा वाचलंस.

मग तू कॉलेजात गेलास, मुंबईला गेलास आणि एक दिवस निळा कोट घालून घरी आलास. छातीवर पंख पसरलेला निळा पक्षी. सगळं गाव गोळा झालं. देशाची सरकारी विमान कंपनी, म्हणजे काय लहान गोष्ट होती का? माय तर कोटाची बाही हातात धरूनच बसली. लोक गेल्यावर मी तुला गोठ्याकडे नेलं.

"काय काम करस तू तठे?"

"जेवन वाढस, दादा. प्रवासीस्ले."

"आनि मंग?"

"मंग ताटं उचलस."

"लोकेस्ना उष्टा?"

"हा. लोकेस्नाच. वर विमानमा आपलं घर थोडंच शे?"

तू हसलास. मी हसलो नाही. मी म्हटलं, आपल्या घरात कोणी दुसऱ्याचं उष्टं उचललं नाही. तेव्हा तुझं हसणं गेलं.

"तू मांडोमा, पंगतमा वाढस तो मान, आनि मी विमानमा वाढस ती चाकरी?"

"तू पगार लेस."

"मंग फुकट वाढस म्हनीसन तू मोठा का?"

  मी बैल सोडला आणि शेताकडे गेलो. आणि दुसऱ्या दिवशी पारावर सांगितलं, आमचा जगन विमानात साहेब आहे. पन्नास वर्षं तेच सांगत आलो. कोणी विचारलं, साहेब म्हणजे काय करतो? तर म्हणायचो, सगळं विमान त्याच्या हाताखाली असतं. तुला हे ठाऊक होतं. गावात आलास की लोक तुला साहेब म्हणायचे आणि तू माझ्याकडे बघायचास. मी दुसरीकडे बघायचो.

मायला तू विमानात बसवलंस. परत आली ती पदराच्या गाठीत गोळ्या आणि कापसाचे बोळे बांधून. विमान उडायच्या आधी तुम्ही ताटलीत घालून फिरवायचात, गोळ्या, बडीशेप आणि कानात घालायला कापूस. माय घरोघर बोळा दाखवत फिरली. "कापूस ते आपलाच शे, कयसाडीना. हात लावताच समजनं माले." तू तिला नाही म्हटलं नाहीस. मला पण सांगितलंस, "माय म्हनस ते खरंच व्हई." तेव्हापासून कापूस वेचताना एखादं बोंड जास्त पांढरं दिसलं की मला ती ताटली आठवायची. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायला पाहिजे होतं, एवढं तरी.

तुझ्या कंपनीचं सगळं मला तुझ्या ताटावरून कळत गेलं. दर दिवाळीला येऊन ओट्यावर पाय पसरून सांगायचास. आधी चिनी मातीच्या बशा, जड काटे-चमचे, कापडी रुमाल. उन्हाळ्यात गुलाबपाण्यात बुडवलेला गार रुमाल, हिवाळ्यात वाफाळलेला. पंख्यांची विमानं गेली, मोठी आली, कापूस बंद झाला. कानाला आता दडे बसत नाहीत म्हणालास, पण तोंड पडलं होतं तुझं. मग जड चमचे गेले आणि प्लास्टिकचे आले. मीठ पुडीत आलं. त्या वर्षी म्हणालास, "दादा, मीठ आते पुडीमा येस. नवा पोऱ्याले पहिलं काय शिकाडू?" मी म्हटलं, पुडी वाढायला शिकव. तू हसलास, पण मी टोमणाच मारला होता. शेवटी तर खोक्यात थंड पाव, आणि त्यानंतर कंपनीच गेली. शेवटची विमानं कुठल्याशा विमानतळाच्या कोपऱ्यात ओळीने उभी केली, शेपटीवरचा पक्षी उन्हात फिका पडला, असं तू एवढंच सांगितलंस. त्या दिवाळीला तू मला निळा पक्षी विणलेला एक जुना कापडी रुमाल दिलास. मी त्यात भाकरी बांधून शेतात न्यायला लागलो. मुद्दाम. तू बघावं म्हणून. तू बघितलंस आणि म्हणालास, "झकास काम काढं त्यान्हं." तुझ्याशी भांडण करणंसुद्धा अवघड होतं, जगन.

आता ते विमान.

वीस वर्षं झाली त्याला. सुमनचा फोन आला. तुझा गुडघा गेला होता, डॉक्टरने वरची नोकरी बंद करायला सांगितलं होतं. पुढे तू जमिनीवरच राहून नव्या पोरापोरींना शिकवणार होतास. ती म्हणाली, "भाऊजी, त्यांचं हे शेवटचं उड्डाण. मुंबई ते दिल्ली. तीस वर्षं पास काढताहेत तुमच्या नावाचा आणि तुम्ही येत नाही. एकदा या." खांडबाऱ्याच्या स्टेशनवर गाडीत बसेपर्यंत मी ठरवलं नव्हतं. बसलो तेव्हा ठरलं.

विमानात मी धोतर, कोट, टोपी घालून बसलो. नववी रांग, वाटेच्या बाजूची खुर्ची. तू पट्टा बांधायला आलास. मी म्हटलं, बैल बांधतोय का? तू म्हणालास, "बैल बरा दादा, तो शिंग रोखत नई." मग उभं राहून सगळ्यांना हात करून दाखवलंस, दार इकडे, दार तिकडे. दोनशे माणसांपुढे माझा भाऊ उभा होता आणि त्याचा कोट कडक इस्त्रीचा होता. मला छातीत काहीतरी झालं. उंचीमुळे असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण विमान अजून जमिनीवरच होतं.

मग तुमची गाडी निघाली, ती अरुंद, चाकांची. पुढून मागे यायला लागली. एक बाई माझ्यासमोर ताट ठेवून गेल्या. वर चंदेरी कागद, खाली गरम. भाजी, भात, पोळी, दही, गुलाबजाम आणि मिठाची पुडी. शेजारचा माणूस ताट येताच तुटून पडला. मी मनात म्हटलं, ह्याला घरी कोणी शिकवलं नाही.

मी हात मांडीवर ठेवून बसलो. मागे मान वळवून बघत होतो. तू गाडी ढकलत मागे मागे चालला होतास, गुडघा दुखत होता हे मला पाठीवरून कळत होतं, पण प्रत्येक रांगेत वाकत होतास आणि ताटाकडे न बघता माणसाच्या डोळ्याकडे बघत होतास. एका म्हातारीने नको म्हटलं तरी तू दुसरं दही ठेवलंस आणि तिने ते लगेच घेतलं. जगन, मी तेव्हा रांगा मोजत होतो. पंधरावी, सोळावी. शेवटच्या पानापर्यंत जाऊ दे, मग घास घेतो. मधेच वरून आवाज आला, पायलट बोलायला लागला. मला वाटलं, हा आता म्हणेल, करा सुरुवात. तो म्हणाला, पुढे हवा खराब आहे, पट्टे बांधा.

आणि विमान हादरायला लागलं. तुमची सगळ्यांची धावपळ. ताटं भराभर उचलायला सुरुवात झाली. त्याच बाई माझ्यापाशी आल्या आणि हिंदीत म्हणाल्या, "नहीं खाएंगे, सर?" मी काय सांगायचं होतं? एवढंच की बाई, पंगत भरायची वाट बघतोय. पण शेजारच्याने माझ्या टोपीकडे बघितलं. समोरच्यानेही मान वळवली. माझं तोंड उघडलं नाही. मी सरळ समोर बघत राहिलो. त्यांनी ताट उचललं. भरलेलं, कागदसुद्धा न फाडलेलं.

तेवढ्यात मागून तू आलास. तू ते ताट बघितलंस. मग माझ्याकडे बघितलंस. मी तुझे डोळे वाचले आणि वाचलेच नाहीत असं दाखवलं.

दिल्लीला उतरल्यावर पहिल्यांदा विचारलंस, "काब्र जेवना नई, दादा?" मी म्हटलं, भूक नव्हती. पहाटे मुंबईत तुझ्या घरी एक कप चहा घेतला होता, त्यावर भूक कशी नसेल? तू ते विचारलं नाहीस.

दुसऱ्यांदा मनीषाच्या लग्नात. पंगत आटोपून आपण दोघं भटारखान्यात शेवटी जेवायला बसलो होतो. तुझ्या ताटात मी वाढलं, माझ्या ताटात तू. आणि तू हळूच म्हणालास, "त्या रोज विमानमा काब्र नई जेवना रे?" रे म्हणालास. लहान असून. मी म्हटलं, तुमचं ते शिळं, कागदात गुंडाळलेलं कोण खाईल? तू मान खाली घालून जेवलास.

तिसऱ्यांदा नंदुरबारच्या दवाखान्यात, ह्या आजारात. मी तुला भाताची पेज पाजत होतो. आवाज निघत नव्हता तुझा, तरी तेच. "त्या रोज, दादा." मी म्हटलं, "पेज पे पहिले." तू प्यायलास. पूर्ण वाटी. दोन दिवसांनी मनीषाचा फोन आला.

मला वाटत होतं, तू हेच मनात धरून गेलास की मोठ्या भावाने उष्टं उचलणाऱ्या हाताचं अन्न नाकारलं. तेरा दिवस मी झोपलो नाही असं लोक म्हणतात. झोपलो होतो, पण बसून.

तेराव्याला पंगत मीच वाढली. पोरं म्हणाली, आबा, तुम्ही घरचे, तुम्ही बसा, कंबर जाईल. मी बादली सोडली नाही. मुंबईहून तुझ्या कंपनीतल्या मार्था बाई आल्या होत्या, पांढरे केस, काठी घेतलेल्या. खाली बसता येत नव्हतं तर खुर्ची दिली, पण पान पंगतीतच. मी वरण वाढत गेलो. परत वळलो तर बाईंचं पान भरलेलं आणि हात मांडीवर. सगळ्या पंगतीत सगळे थांबलेलेच होते, पण ह्या शहरच्या, म्हाताऱ्या, गोळ्या-औषधं असतील. मी म्हटलं, "बाई, तुम्ही सुरू करा."

त्या म्हणाल्या, "सगळ्यांना भेटलं नाय अजून. मी थांबते, दादा."

माझ्या हातातलं वगराळं बादलीत पडलं.

पंगत उठल्यावर मी त्यांच्यापाशी गेलो. विचारायची हिंमत नव्हती, त्यांनीच काढलं. "तुमचं ताट मीच उचललं होतं. त्या दिवशी जगन मागे उभा राहून रडला. मला वाटलं, मला ओरडणार. तर म्हणाला, मार्था, तुझी चूक नाय, माझी हाय. ते थांबलेले. सगळ्यांना वाढून होईपर्यंत ते जेवत नाय. माझ्या विमानात पंगत बसली होती आणि मला कळलं नाय."

मी काठीवाल्या बाईंपुढे खाली जमिनीवर बसलो.

"मग कंपनीच्या शाळेत शिकवायला लागला ना तो, पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगायचा. भरलेलं ताट दोनदा विचारल्याशिवाय उचलायचं नाय. कोणी थांबलेला असेल. आमच्यात अशा थांबलेल्या माणसाचं नावच पडलं, दादा. कोणी म्हातारा हात बांधून बसला की आम्ही मागे जाऊन एकमेकीला सांगायचो, चौदा नंबरला दादा हाय. कंपनी बंद होईपर्यंत सांगायचो."

म्हणजे तुला ठाऊक होतं.

जगन, मला तुझा असा राग आला की काय सांगू. मी उठलो, अंगणात गेलो, परत आलो, परत गेलो. ठाऊक होतं तर तीनदा विचारलंस कशाला? दवाखान्यात, घशातून आवाज निघत नव्हता तेव्हासुद्धा कशाला? वीस वर्षं मला कशाला जाळलंस? तुझा फोटो भिंतीवर होता, हार घातलेला, त्याच्याशी मोठ्याने भांडलो. मनीषा धावत आली. मी तिला म्हटलं, तू मधे पडू नको, हे आमचं दोघांचं आहे.

मग गोठ्यात उभा राहिलो आणि कळलं. तुला उत्तर नको होतं, ते तुझ्याकडे होतंच. तुला ते माझ्या तोंडून पाहिजे होतं. "मी पंगत भरायची वाट बघत होतो" एवढं मी म्हटलं असतं, तर तुझं विमान ही पंगत झाली असती. आणि तू वाढपी. माझ्यासारखा. माझ्याहून चांगला, कारण माझी पंगत कधी हादरली नाही. तेवढ्यासाठी तू लहान होऊन पुन्हा पुन्हा विचारत होतास, आणि मी सांगत होतो की भूक नव्हती.

मला भूक होती, जगन. पोटात आग पडली होती. तो गुलाबजाम मी कागदातून हुंगला होता. आणि तुला वाकताना बघून मला जे छातीत झालं होतं ते उंचीमुळे नव्हतं. घे, सांगितलं. उशिरा सांगितलं. तूही कमी हट्टी नव्हतास, एकदा तू म्हणायचं होतंस, मला ठाऊक आहे म्हणून. दोघांचं अर्धं अर्धं. नाही, माझं जास्त. मी मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसने मी शहाद्याला गेलो. कांतीशेठचं भांड्याचं दुकान उघडायचं होतं, पायरीवर बसलो. बसवेना, म्हणून फिरलो. त्याने दार वर केलं तसं आत गेलो आणि वाढायची सगळ्यात चांगली बादली काढायला लावली, जाड बुडाची, कडी घट्ट बसलेली. गावाला द्यायची, नाव कोरून दे म्हटलं. त्याने कोरायचं यंत्र लावलं.

"काय नाव, आबा?"

"जगन श्रीपत पाटील, कयसाडी."

"पुढे साहेब लिखू ना? तुम्हीच सांगेत, विमानमा साहेब शे म्हनीसन."

"नई. वाढपी लिख. वाढपी, नीलपंख."

त्याने सुई उचलून धरली. "भाऊना अपमान नई का व्हनार, आबा?"

"मी बी वाढपीच शे. तू मन्हा अपमान करस का?"

 सुई चालू झाली. नीलपंखच्या शेवटी थोडी जागा उरली, तर मी त्याला एक पक्षी काढायला लावला. कोंबडीसारखा झाला आहे. तू हसशील.

बादली मांडीवर घेऊन बसने गावात आलो. पारावर नेहमीची मंडळी होती. एकाने बादली फिरवून नाव वाचलं, दुसऱ्याला दाखवलं, आणि म्हणाला, "वाढपी? आबा, जगनभाऊ ते साहेब व्हता ना?"

मी बादली पारावर ठेवली, त्यांच्यात जागा करून बसलो आणि नवव्या रांगेपासून सांगायला सुरुवात केली.